झोपेतली नाडी

गणपतीत आमच्या वस्तीतल्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं होतं. मंडपाच्या मागं, जिथं एरवी पोरं कॅरम खेळत बसतात, तिथं खाटा टाकलेल्या, उदबत्तीच्या वासात स्पिरिटचा वास मिसळलेला आणि भाद्रपदातला तो चिकट उकाडा. तन्मय, माझा भाचा, नागपुरात मिहानमधल्या ऑफिसातली रात्रपाळी संपवून घरी न जाता थेट तिथं आला होता. वय २४. वजन झालं, बोटातून थेंब काढून हिमोग्लोबिन पाहिलं, मग दंडाला पट्टा बांधला गेला. ब्लड बँकेच्या पोरीनं आकडा पाहिला, पट्टा सोडला, पुन्हा फुगवला, पुन्हा पाहिला आणि हळूच म्हणाली, "दादा, आज नाही जमणार." पल्स ११६, बीपी १५४/९८. रक्त देणाऱ्याची नाडी मिनिटाला ६० ते १०० असावी, वरचं बीपी १०० ते १४० आणि खालचं ६० ते ९० असावं, असा नियम आहे. तो देणाऱ्याच्या भल्याचाच आहे. तन्मयचे मित्र लगेच सुरू झाले. "सुई पाहून घाबरला बे हा." "रातभर जागून आला, होणारच न." मंडळाचे काका म्हणाले, "टेन्शन नको घेऊ, चहा पी, घंट्याभरानं ये परत." घंट्याभरानंही पल्स १०८ आणि बीपी १५०/९६. कुणीतरी रक्तदात्यांसाठी ठेवलेला बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात दिला, आणि तो हसत घरी निघाला.

पाच मिनिटांत त्या आकड्याची तीन कारणं सांगून झाली होती. त्यातलं एकही खोटं नव्हतं. सुईची भीती असते, जागरण असतं, टेन्शनही असतं. पण कारणं इतक्या चटकन मिळाली की आकडा काय म्हणतोय हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. ते मला रात्रभर टोचत राहिलं.

माझी सगळी नोकरी नर्स म्हणून सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात गेली. बीपीचं मशीन हाती यायच्या आधी नाडी हाती येते. पहिल्या वर्षाच्या मुलींना टीपीआरचा तक्ता भरायला लावतात : ताप, नाडी, श्वास. आमच्या सिस्टर ट्यूटर फार कडक. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणलेलं त्यांना चालत नसे. मोजताना नुसते ठोके मोजायचे नाहीत, ते एकसारखे पडतात का, भरून येतात की बारीक लागतात, हेही बोटांनी ऐकायचं. पहाटेच्या राउंडला पेशंट झोपेत असतानाच नाडी घ्या, असं त्या सांगायच्या. जागा माणूस पांढरा गणवेश पाहून दचकतो. झोपलेल्या माणसाला कुणाची भीती नसते. घाबरट माणसाची नाडी झोपेत खाली येते, थायरॉइड वाढलेल्याची झोपेतही धावत राहते. तरुण माणसाची नाडी गाढ झोपेत साठीच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जाते. वॉर्डातले दिवे मंद केलेले, पंख्यांचा कुरकुर आवाज, आणि अंगठ्याच्या बाजूला टेकवलेल्या तीन बोटांखाली कुणाचं तरी चाललेलं आयुष्य. त्या वेळेला मला कधी कंटाळा आला नाही.

वॉर्डात आम्ही धसका घ्यायचो तो पल्स वर आणि बीपी खाली या जोडीचा. रक्त जात असेल, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, मे महिन्यात ऊन लागून आलेला मजूर असेल, तर नाडी पळते आणि दाब घसरतो. तिथं धावपळ ठरलेली. दोन्ही वर, ही जोडी वेगळी. दुखणं, भीती, दारू अचानक तुटणं, थायरॉइड, मूत्रपिंडाचं काही, किंवा पोटात गेलेलं काहीतरी उत्तेजक. पेशंट स्वतःच्या पायानं चालत येतो, बोलतो, हसतो, त्यामुळं कुणी धावत नाही. तन्मय हसत गेला, तसाच.

दुसऱ्या दिवशी बहिणीकडे गेले. तिनं तर्री पोहे केले होते, वर शेवेचा ढीग. विषय काढला तशी ती म्हणाली, "ताई, तू जन्मभर दवाखान्यात राहिली, तुला सगळीकडे रोगच दिसते. पंचविशी नाही आली पोराची. या वयात बीपी असते का?" मग आवाज खाली करून, "स्थळं पाहणं सुरू आहे. कागदावर बीपी यायला नको." तिचा राग मला आला नाही. आई आहे. पोराच्या नावापुढं एखादा रोग लिहिला गेला की तो पुसला जात नाही, हे तिनं आजूबाजूला पाहिलेलं आहे. तन्मय मात्र घड्याळाशी चाळा करत बसला होता, आणि एकदम म्हणाला, "मावशी, माझं घड्याळ कधीचं दाखवून राहिलं. झोपेतही नव्वदच्या आसपास. मला वाटलं घड्याळच खराब आहे."

झोपेत नव्वद.

तिथं माझा निश्चय झाला. मनगटावरच्या घड्याळाच्या आकड्यावर निदान करू नये, हे खरं. ते घट्ट-सैल होतं, हलतं, चुकतं. पण महिनोन्महिने रोज एकाच दिशेला चुकत असेल तर विचारायला हवं. मोकळ्या रस्त्यावरून पहिल्याच गिअरमध्ये कण्हत जाणारी मोटारसायकल असते, तशी ही आरामातली धाव. गाडी पोचते, पण इंजिनाला त्याची किंमत मोजावी लागते.

मी आधी डॉक्टर गाठायला सांगितलं नाही, आधी नीट मोजायला सांगितलं. आपल्याकडे बीपी मोजण्याची जी तऱ्हा आहे ती पाहून मला आजही वाईट वाटतं. माणूस जिना चढून आलेला, मोबाइलवर बोलतोय, स्टुलावर पाय लोंबकळताहेत, शर्टाची बाही वर सरकवून दंडाला करकोचा पडलाय, आणि त्यावर पट्टा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. मिनिटाभराच्या अंतरानं दोन वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात १४०/९० ही रेघ मानतात, घरी मोजलेल्याची रेघ १३५/८५. घरच्या खुर्चीत माणूस निवांत असतो म्हणून ती थोडी खाली. आणि पट्ट्याचं माप. साध्या पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असं छापलेलं असतं. जिममध्ये घाम गाळणाऱ्या तन्मयचा दंड ३५ भरला. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो. म्हणून मी मोठ्या पट्ट्याचं मशीन आणायला लावलं. मनात मी देवाला म्हणत होते, पट्ट्याचीच चूक निघू दे.

ती निघाली, पण थोडीशीच. सरासरी १४६/९४ आली. पल्स बसल्या जागी ९८ ते १०४.

या आठवड्यात मला वारंवार एक बाई आठवत होती. माझ्या शिकण्याच्या दिवसांतली. बाविशीची, गडचिरोलीकडून आलेली, डोकं दुखतं म्हणून. सांगायची की, हापशावर पाणी भरताना डावा हात भरून येतो, मधेच थांबावं लागतं. मी डाव्या दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप ठेवला आणि पारा सोडत गेले. एकही ठोका ऐकू येईना. कोरोटकॉफ नावाच्या रशियन सर्जननं १९०५ साली सांगितलेले ते ठोके, ज्यांवर सगळ्या जगाचं बीपी मोजणं उभं राहिलं, ते तिच्या त्या हातात नव्हतेच. मनगट चाचपलं, नाडी नाही. उजव्या हातावर मात्र १९० च्या वर. मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी दोन्ही मनगटं एकदम धरली, बराच वेळ उभ्या राहिल्या, मग डॉक्टरांना बोलावलं. तिच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या अरुंद झाल्या होत्या. या आजाराला ताकायासू म्हणतात. जपानमधल्या त्या नावाच्या नेत्रतज्ज्ञानं १९०८ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. आपल्याकडे तरुण बायकांमध्ये हा बऱ्याचदा मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो, आणि मग मूत्रपिंडाला रक्त कमी पडतंय असं वाटून ते शरीराला दाब वाढवायचा निरोप पाठवत राहतं. गावात तिला अंगात येतं म्हणून अंगारा लावला होता. तिला पुढं मुंबईला पाठवलं. नंतरचं मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून नव्या पेशंटचे दोन्ही हात पाहिल्याशिवाय मी तक्ता भरला नाही.

तरुण माणसाचं बीपी वाढलेलं असताना शोध घ्यायचा तो याचसाठी. साठीतल्या माणसात बहुतेक वेळा एक नेमकं कारण हाती लागत नाही. वय, आनुवंशिकता, मीठ, वजन सगळं मिळून दाब वाढवतं. तिशीच्या आतल्या, विशेषतः सडपातळ आणि घरात कुणाला बीपी नसलेल्या मुलामुलींत एखादं लपलेलं कारण असण्याची शक्यता जास्त, आणि ते सापडलं तर पुष्कळदा काढून टाकता येतं. महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, जन्मापासून एका जागी आवळलेली असते, हातात दाब जास्त आणि पायात कमी; ती रुंद करता येते. मूत्रपिंडाची धमनी अरुंद असते, ती फुग्यानं उघडता येते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत छोटीशी गाठ असते, तिच्यामुळं रक्तातलं पोटॅशियम घटतं, पायात गोळे येतात; कित्येकदा ती गाठ काढता येते. थायरॉइड गोळ्यांनी आटोक्यात येतं. जे कारण काढता आलं असतं त्याच्यासाठी चाळीस वर्षं गोळ्या खायच्या, ही कल्पना मला सहन होत नाही.

धंतोलीत गेलो. नागपूरकरांना ती दवाखान्यांची वस्ती सांगायला नको. एका इमारतीत चार पाट्या, खाली पॅथॉलॉजी, शेजारी मेडिकल, समोर नारळपाणीवाला, आणि छिंदवाडा, बालाघाट, गोंदियाहून पहाटेच निघून आलेली माणसं फाइल मांडीवर ठेवून बसलेली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं, तेव्हाच मला बरं वाटलं. मग एक हात तन्मयच्या मनगटावर, दुसरा जांघेत ठेवून ते क्षणभर थांबले. दोन्हीकडे ठोका एकाच वेळी पोचतो का ते पाहत होते. पोटावर बेंबीच्या दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं, गळ्याला हात लावून थायरॉइड पाहिलं, हात पुढं करायला सांगून बोटं थरथरतात का पाहिलं. महागडी मशीनं असलेल्या काळात एवढ्या गोष्टी कुणी हातानं पाहतं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतं, वय झालं म्हणून असेल. मग प्रश्न. डोकेदुखी, दरदरून घाम आणि छातीतली धडधड, तिन्ही एकदम येऊन जाण्याचे झटके येतात का? घोरतोस का? दिवसा पेंग येते का? लहानपणी अंगावर सूज, लघवीतून रक्त? घरात कुणाला कमी वयात लकवा, हार्ट अटॅक? सर्दीच्या गोळ्या, अंगदुखीच्या गोळ्या सारख्या घेतोस का? घशासाठी ज्येष्ठमध रोज चघळतोस का? या शेवटच्या प्रश्नानं बहीण चमकली. ज्येष्ठमध सतत खाल्लं की अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. घरगुती म्हणून ते निरुपद्रवी नसतं.

मग त्यांनी बहिणीला बाहेर बसायला सांगितलं, आणि तन्मयची नजर पाहून मीही उठले.

आत काय झालं ते त्यानं मला परतताना गाडी काढता काढता सांगितलं. खर्रा. ऑफिसबाहेरच्या पानठेल्यावर रोज दोन, कधी तीन पुड्या, रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून. वर जिमच्या आधी पाण्यात घालून प्यायची कसलीशी पावडर, आणि पहाटे तीनला एनर्जी ड्रिंक. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घोटून काळपट झालेला तो खर्रा आपल्या नागपुरात इतका सगळीकडे आहे की पोरगा खातो की नाही एवढंच विचारायचं राहतं. त्याच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल आपण बोलतो, दवाखान्यातल्या भिंतींवर ती चित्रं असतात. पण गालात ठेवलेल्या तंबाखूतलं निकोटिन हळूहळू रक्तात उतरत राहतं, नाडी आणि दाब दोन्ही वर ढकलतं, आणि पुडी संपून दुसरी सुरू झाली की शरीराला खाली यायला फुरसतच मिळत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. "आईला नको सांगू न मावशी," तो म्हणाला. चोवीस वर्षांचा, सहा फुटी मुलगा, पण चेहरा शाळेतल्या पोराचा. मी सांगितलं नाही. एका महिन्यात त्यानं स्वतःच तिला सांगितलं, ते त्याचं धैर्य.

डॉक्टरांनी पहिल्या दिवशी गोळी दिली नाही. खर्रा, पावडर, एनर्जी ड्रिंक आधी बंद, मग तपासण्यांचा अर्थ लागेल, म्हणाले. मला ते पटलं. धडधड होते म्हणून मेडिकलमधून धडधडीची गोळी आणून घेणारी पुष्कळ मुलं मी पाहिली आहेत. परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या आधी, मित्रानं सांगितली म्हणून. ती नाडी उतरवते, आकडा सुंदर दिसतो, आणि खालचं कारण झाकलं जातं. दमेकऱ्याला तर ती दम लावू शकते. आणि झटके येऊन जाणारी ती डोकेदुखी-घाम-धडधड ज्या विरळ गाठीमुळं येते, त्या माणसाला पूर्वतयारीशिवाय नुसती तीच गोळी दिली तर दाब एकदम भयंकर चढू शकतो. म्हणूनच तो प्रश्न आधी विचारतात, आणि उत्तर होय आलं तरच त्या गाठीची खास तपासणी करतात. सरसकट सगळ्यांना सगळ्या तपासण्या लावणं हेही बरोबर नाही. पैसे जातात, आणि क्षुल्लक काहीतरी सापडून माणूस उगाच घाबरतो.

खर्रा सुटायला वेळ लागला. चिडचिड, डोकं जड, तोंड रिकामं रिकामं. बडीशेप आणि भाजलेली जवस खिशात ठेवून त्यानं ते दिवस काढले. पल्स उतरली, बसल्या जागी ऐंशीच्या घरात आली. बीपी उतरलं, पण रेघेच्या खाली आलं नाही. मग लघवी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि त्यांच्या धमन्यांचा डॉपलर, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आणि चोवीस तासांचं मशीन. कमरेला डबी, दंडाला पट्टा, जो दिवसा वीस-तीस मिनिटांनी आणि झोपेतही ठरावीक वेळानं आपोआप फुगतो. डॉक्टरांनी त्याच्याकडून झोपायची आणि उठायची खरी वेळ लिहून घेतली, कारण रात्रपाळीवाल्याची रात्र दुपारी असते. झोपेत बीपी दहा ते वीस टक्के उतरायला हवं. तन्मयचं जेमतेम सात टक्के उतरलं.

सगळे कागद चांगले आले. थायरॉइड ठीक, मूत्रपिंड ठीक, धमन्या मोकळ्या, पोटॅशियम जागच्या जागी. बहिणीनं देवापुढं साखर ठेवली. तन्मय मात्र गप्प होता, आणि त्याचं ते गप्प बसणं मला कळत होतं, कारण मलाही तेच वाटत होतं. इतकं शोधल्यावर एखादी गाठ, एखादी अरुंद नळी सापडली असती तर निदान तिच्याशी लढता आलं असतं. आजार नाही म्हणून सुटल्यासारखं आणि कारण नाही म्हणून फसल्यासारखं, दोन्ही एकदम. तरुण मुलांतही शोधाअंती पुष्कळदा असंच निघतं.

एका कागदावर मात्र एक ओळ होती. इकोमध्ये हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत किंचित जाड. डॉक्टरांनी ती बोटानं दाखवली. "ही भिंत एका दुपारच्या टेन्शननं जाड होत नाही," ते म्हणाले. "हे बऱ्याच दिवसांचं आहे. बीपी ताब्यात राहिलं तर ती परत कमी होऊ शकते, हीच चांगली गोष्ट."

त्या वाक्यासरशी मला बाबा दिसले. आमचे बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली आणि काही महिन्यांतच त्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. वय ४६. सगळी चाळ म्हणाली, मिल गेली त्याचं टेन्शन घेतलं. आम्हीही तेच म्हणालो, आणि पुढं कितीतरी वर्षं तेच मानत राहिलो. त्या वेळी दवाखान्यातल्या एका वयस्क डॉक्टरांनी बाबांच्या डोळ्यांत छोट्या दिव्यानं पाहिलं होतं, छातीचा फोटो उजेडासमोर धरला होता आणि आईला म्हणाले होते, "बाई, हे आजचं नाही. वर्षानुवर्षांचं आहे." आईला त्याचा अर्थ लागला नाही, मलाही नाही. मी नर्सिंगला गेले ती त्यानंतरच्या वर्षी. वर्गात डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचं चित्र आलं, दाबानं बारीक झालेल्या, वळलेल्या, आणि मला ते डॉक्टर आठवले. मिल बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून बाबांचं बीपी चढलेलं होतं. सकाळच्या पाळीला सायकल मारत जाणारा, संध्याकाळी आम्हाला नागपुरातल्या महाल भागात फिरायला नेणारा, कधी दवाखान्याची पायरी न चढलेला माणूस. त्यांच्या दंडाला तो पट्टा पहिल्यांदा बांधला गेला तो लकव्याच्या रात्री. दुःख खरं होतं, मिलचं. त्यानं शेवटचा धक्का दिलाही असेल. पण त्या दुःखाचं नाव घेतल्यावर आम्ही सगळ्यांनी पुढचं काही विचारलं नाही, आणि त्यांच्या दोन्ही भावांचं बीपी तपासायचंही कुणाला सुचलं नाही.

हे मी तन्मयला सगळं सांगितलं. आजोबा त्यानं फोटोतच पाहिलेत. डॉक्टरांनी आता गोळी लिहून दिली होती. त्यानं विचारलं, "मग मावशी, गोळी आयुष्यभर?" मी त्याला खोटं सांगितलं नाही. असेल, कदाचित नसेलही. मीठ कमी, लोणचं-पापड-फरसाण कमी, पाच-सात किलो वजन कमी, खर्रा बंद, रात्रपाळी सोडता आली तर ती सोडणं, यानं काहींची गोळी कमी होते, काहींची सुटते. तो घोरतो म्हणून झोपेची तपासणी अजून व्हायची आहे. झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी का उतरत नाही त्याचा उलगडा तिथं होईल. गोळीची सवय लागते म्हणून ती सुरूच करू नये, हे बहिणीचं म्हणणं मी मान्य करू शकत नाही. गोळी माणसाला चिकटत नाही, बीपी माणसाला चिकटलेलं असतं.

त्याचे मित्र आता मला विचारतात. फुटाळा तलावावर भेटले तरी हात पुढं करतात, मावशी, नाडी पाहा न. मी पाहते, पूर्ण मिनिट. आणि सांगते ते असं : घाबरायचं नाही, पण आरामात बसल्यावर पल्स पुन्हा पुन्हा शंभराच्या वर असेल, किंवा घरी नीट मोजलेलं बीपी आठवडाभर १३५/८५ च्या वर असेल, तर डॉक्टरकडे जायचं, वय विचारात न घेता. थांबायचंच नाही अशा गोष्टी वेगळ्या. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, दम, अंधारी, बोलण्यात अडखळणं, हातापायातली ताकद जाणं. बसल्या बसल्या दिवा लावल्यासारखी एकदम १५०-१८० ची धडधड सुरू होऊन तशीच एकदम थांबणं. धावताना चक्कर येऊन पडणं, आणि घरात कुणी तरुण माणूस अचानक गेलेला असणं. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांना मी हे शेवटचं मुद्दाम सांगते. काहीच न सापडता भीतीच सापडली, तर तीही खरी गोष्ट आहे, तिच्यावरही उपचार आहेत. फक्त तिचं नाव तपासणीनंतर घ्यावं, आधी नाही.

बहिणीशी मात्र अजून वाद चालू आहे. परवा भंडाऱ्याचं एक स्थळ आलं, मुलगी बँकेत आहे, पत्रिका जुळतेय. बहीण म्हणाली, "बीपीचं आत्ताच सांगायची काय गरज? गोळीनं तर नॉर्मल आहे न." मी म्हटलं, सांगायचं. उद्या ती मुलगी त्याच्या ताटात मीठ वाढणार आहे, रात्री त्याचं घोरणं ऐकणार आहे, त्यांना मुलं होतील त्यांचंही बीपी लवकर पाहावं लागणार आहे. बहिणीला हे पटलेलं नाही. तन्मयनं दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, तिच्याशी फोनवर बोलीन तेव्हा मीच सांगतो. बहीण दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही.